दंताळ्याचे दोन दात

“पण बर्फावर बसून गाडी उकळतेच कशी, उस्ताद?”

सारंग घोटणेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा उस्तादांनी नुसतं चहाचं भांडं चुलीवर सरकवलं होतं.

आता हे उस्ताद म्हणजे महिपती खाडे. मूळचे माण तालुक्यातले, फौजेत मेकॅनिक होते, आणि निवृत्त झाल्यावर गावी जायचं सोडून लडाखातल्या या तळ्याकाठीच राहिले. इथलीच बायको केली, इथलेच याक पाळले. तीस वर्षांत बोली मात्र माणची ती माणचीच राहिली.

आणि सारंग कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. बर्फावर पळणारी स्कूटर त्यानं स्वतःच्या शेडमध्ये बनवली होती, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा, आणि ती चालवून बघायला तो उस्तादांकडं आला होता. हुशार गडी, त्यात वाद नाही. पण आडनाव घोटणे आणि हातही तसाच, दिसेल ते घोटून गुळगुळीत करायचा. कुणी खरडपट्टी काढलेली त्याला चालत नसे. वडिलांनी एकदा काढली, तर सहा वर्षं झाली, त्यांच्या कारखान्याची पायरी चढला नाही.

दाराशी नर्सबाई यांगचेन पाठीला पिशवी लावून उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर डोलमा नावाची पहिलटकरीण सकाळपासून अडली होती. मधे अकरा किलोमीटर गोठलेलं तळं.

“चहा होईपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “मग पायी निघते. तीन तास लागतील.”

स्कूटरनं वीस मिनिटं. पण परवा चौथ्या किलोमीटरला इंजिन उकळलं होतं, आणि कालही तिथंच.

उस्ताद उठले. बाहेर येऊन त्यांनी इंजिनवर तळवा ठेवला. सारंग नुकताच तळ्यावर एक फेरी मारून आला होता. मग तोच तळवा त्यांनी सारंगच्या कपाळावर ठेवला.

“दोन्ही तापल्यात.”

सारंगला राग आला, चांगलाच आला.

“रेडिएटर सीटखाली आहे. पट्टा बर्फ उडवतो, तो रेडिएटरवर पडतो. पट्टा आत ज्या रुळांवर घसरतो, त्यांनाही तोच बर्फ वंगण. काठावरच्या भुसभुशीत बर्फात तासभर पळाली, हूं की चूं केलं नाही.”

“आन् तळ्यावर?”

“तळ्यावरचा भुगा वाऱ्यानं नेला. खाली नुसती काच... म्हणून तर स्की घोटून आरसा केल्यात. जितकं गुळगुळीत तितकं बरं.”

उस्ताद खाली वाकून स्कीवर बोट फिरवत राहिले.

“काहीतरी बोला की ओ.”

“तहान लागलीया का रं?”

लागली होती. बाटली गोठून दगड झाली होती. सारंगनं मान हलवली.

“मग पी की. अकरा किलोमीटर पाणी हाय.”

नर्सबाई हसल्या, सारंग नाही हसला. पण इरेला पेटणारा माणूस तो. गेला तळ्यावर, गुडघे टेकले, निळ्या काचेवर दोन्ही हात फिरवले. पुन्हा फिरवले. हात गार पडले, पण ओंजळीत काही आलं नाही...

उस्ताद शेजारी उकिडवे बसले. खिशातून एक खिळा काढला आणि बर्फावर खर्रकन ओढला. पांढरा भुगा उडाला. चिमटीत धरून त्यांनी तो सारंगच्या जिभेवर ठेवला.

तोंडात पाणी झालं.

...

सारंग त्या ओरखड्याकडं बघत राहिला. मग ताडकन उठला आणि पळत सुटला, मधेच घसरून आपटला, पुन्हा उठला.

“उस्ताद, सळई पाहिजे. स्प्रिंगसारखी, टोकदार. दोन.”

“गोठ्यात दंताळं हाय, गवत वढायचं. त्याचं दात काढ.”

मग काय विचारता. करवत चालली, ड्रिल चाललं. स्वतःच्या आरशासारख्या स्कीला मागच्या बाजूनं भोक पाडताना सारंगचा हात थांबला. जरासाच थांबला. दोन्ही स्कींना एकेक दात बसला, टोक मागं कललेलं आणि बर्फावर दाबून टेकलेलं.

तिकडं चहाला उकळी फुटायला आली, तसं उस्तादांनी भांडं खाली उतरवून ठेवलं.

“अजून व्हायचाय,” ते नर्सबाईंना म्हणाले.

नर्सबाईंनी भांड्याकडं पाहिलं, उस्तादांकडं पाहिलं, आणि स्कूटरच्या सीटवर जाऊन बसल्या.

“येकच सांगतो,” उस्ताद म्हणाले. “गाडी मागं घिऊ नगंस.”

“का?”

उस्ताद चहा परत चुलीवर ठेवायला आत गेले.

स्कूटर सुटली. दोन दात बर्फ खरवडत निघाले आणि भुग्याचे दोन फवारे पट्ट्याखाली घुसले. सारंगचे डोळे तापमानाच्या काट्यावर. दुसरा किलोमीटर. तिसरा. चौथा आला, तसा तो पुढं वाकला. काटा अर्ध्यावर होता, तिथंच राहिला. पाचवा गेला, सहावा गेला. सारंगनं लहान पोरासारखी आरोळी ठोकली, तर नर्सबाईंनी पाठीत चापट घातली.

“पुढं बघून चालवा.”

पलीकडं सगळा गाव काठावर आला होता. नर्सबाई उडी मारून धावल्या. लोक स्कूटरभोवती जमले, कुणी हात लावून बघू लागलं, कुणी ‘वा’ म्हणालं. आता एवढे लोक बघतायत म्हटल्यावर स्कूटर ऐटीत वळवून लावायला नको? सारंगनं रिव्हर्स टाकला.

कट्.

उजवा दात बर्फात रुतला आणि मुळातून तुटला.

लोकांना कळलंही नाही. सारंगला कळलं. आत ती बाई अडलेली, आणि तिला इथून दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर एका दातावर गाडी पोचेल का? दोन तास तो त्या घराच्या भिंतीला टेकून उभा होता. कुणी चहा आणून दिला, तो हातातच गार झाला.

मग आतून रडणं ऐकू आलं, बारीक आणि खणखणीत. मुलगी झाली. नर्सबाईंनी दारातून सांगितलं की दोघी धडधाकट आहेत, आणि आपण स्वतः आज इथंच राहणार. सारंगनं डोळे पुसले, कोण बघतंय न बघतंय याची पर्वा न करता.

परत येताना एकच दात. काटा चढू लागला की तो उतरायचा, तुटक्या दातानं बर्फ खरवडायचा आणि ओंजळीनं रेडिएटरवर टाकायचा. चारदा उतरला. उन्हं कलता कलता काठावर पोचला, तेव्हा बोटं सुजली होती आणि चेहरा मात्र नुसता फुलला होता.

उस्ताद दारातच बसले होते.

“मुलगी झाली,” सारंग म्हणाला. “दोघी बऱ्या आहेत.”

मग त्यानं तुटका दात त्यांच्यापुढं ठेवला.

“रिव्हर्स घेतला. तुम्ही नको म्हणाला होतात. लोक बघत होते... म्हणून घेतला.”

उस्तादांनी दात उचलला, उलटासुलटा केला, बाजूला ठेवला. सारंग वाट बघत उभा राहिला, आणि उस्ताद काही बोलेनात, तेव्हा त्यालाच राहवेना.

“उस्ताद, काढा की माझी खरडपट्टी.”

उस्तादांनी हात वर केला आणि तळवा त्याच्या कपाळावर ठेवला.

“कशाला?” ते म्हणाले. “गार हाय की.”