धुळा पाण्यापुढं पळाला

ही गोष्ट फार जुनी. ती पाहिलेले डोळे कधीच मिटले, पण बोर नदीच्या काठानं अजून ती सांगतात.

वरच्या माळावर धुळा शेंडगे नावाचा मेंढपाळ होता. मेंढरांमागं पळतच वाढला. असं म्हणतात, तो पळू लागला की त्याची कुत्रीसुद्धा दमून बसायची. पुढं तो पलटणीत गेला आणि पलटणीनं त्याला बोटीत बसवून ऑलिंपिकला धाडलं, दीड हजार मीटर पळायला. तिथं शेवटच्या फेरीत कुणाच्या तरी खिळ्यांच्या बुटानं त्याची पोटरी फाटली. तो पडला, उठला, रक्त गाळत पळाला आणि सगळ्यांच्या मागून पोचला.

गावी आल्यावर लोकांनी विचारलं, "कितवा आलास?"

"शेवटचा," धुळा म्हणाला.

मग कुणी पुढं काही विचारलं नाही. पलटण सोडून तो पुन्हा मेंढरं राखू लागला. घरात म्हातारा बाप होता, बिरा. त्याच्या पायांतलं बळ गेलेलं.

एका श्रावणात पाऊस कोसळतच राहिला. भर दुपारी वरच्या तलावाचा बांध खचताना धुळानं पाहिला. तो झोपडीकडं धावला, बापाला खांद्यावर घेतलं आणि चढाला लागला.

बाप म्हणाला, "धुळा, खाली दोन गावं हायती. त्यास्नी कोण सांगंल?"

"तुला वर ठिवतो, मग जातो."

"तवर पानी गेलेलं आसंल. उतरव मला."

धुळा ऐकेना, चढतच राहिला. तेव्हा बापानंच त्याच्या गळ्यातले हात सोडले आणि तो खाली घसरला.

धुळा पळाला. असं म्हणतात, त्याचे पाय चिखलाला टेकलेच नाहीत. असं म्हणतात, ताडाएवढं पाणी त्याच्या टाचांशी यायचं आणि दबकायचं. त्याच्या हाकेनं वडवाडी टेकडीवर चढली, मग कुरणवाडी चढली. दोन्ही गावांची घरं वाहून गेली. माणूस एकच गेला, बिरा.

पाणी ओसरल्यावर बाप गाळात सापडला. लोक धुळाच्या पाया पडायला आले. त्यानं पाय पोटाशी ओढून घेतले.

"ह्यास्नी हात लावू नका," तो म्हणाला. "बापाला टाकून आल्यात हे."

त्यानंतर त्याला पळताना कुणी पाहिलं नाही. मेंढरू उधळलं तरी तो चालतच जायचा. तसाच म्हातारा झाला, तसाच गेला.

आजही श्रावणात तो दिवस आला की दोन्ही गावं टेकडी चढतात. ज्यांना चालता येत नाही, त्यांना आधी खांद्यावर घेतात. सगळे वर आले की धुळाच्या नावानं खाली हाक देतात, "कुणी राहिलं का?"

ती हाक विरेपर्यंत कुणी बसत नाही.