सेनापतीचा विडा

एकदाचा एक डोंगराळ देश स्वतंत्र झाला. उत्तरेच्या सम्राटाची पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता उलथून पडली, आणि ती उलथवायला दक्षिणेच्या राजाने आपले सैन्य मदतीला धाडले होते. विजयाची मेजवानी ठरली. दक्षिणेचा सेनापती मानाच्या पाटावर बसला. जेवणानंतर तह व्हायचा होता: उत्तरेचे भय आहे तोवर दक्षिणेचे सैन्य इथेच राहील. तह लिहिला होता चक्रपाणीने. परराष्ट्राचा कारभार त्याच्याकडे होता, आणि राज्यसभेचे प्रमुख वृद्ध आचार्य हे त्याचे गुरू.

त्या देशाची एक रीत होती. यजमानाने स्वहस्ते विडा दिला की पाहुण्याने उठायचे आणि आपल्या घरी निघायचे. विडा घेतल्यावर घोटभर पाणी मागणेही अशिष्ट. दक्षिणेतही हीच रीत होती, म्हणून तर पुढचे सगळे घडले.

जेवण आटोपले. चक्रपाणी तहाचा कागद उलगडणार, तोच आचार्य उठले, सेनापतीच्या खांद्यावर शाल घातली, लवून नमस्कार केला आणि विडा पुढे धरला.

अहो, सभा थिजली! ज्यांनी आपल्यासाठी रक्त सांडले त्यांना भर मेजवानीत निरोप? सेनापतीचे सरदार ताडकन उठले, एकाचा हात तलवारीवर गेला. उत्तरेच्या खिंडीत चक्रपाणीचा सख्खा धाकटा भाऊ मूठभर माणसांनिशी पहाऱ्यावर होता. हे सैन्य गेले तर त्याच्या पाठीशी कोण?

सेनापती विड्याकडे पाहत राहिला. आचार्यांचा हात पुढेच होता.

"आम्ही गेल्यावर ते उत्तरेचे पुन्हा आले तर?" सेनापतीने विचारले.

"तर तुम्हाला हाक मारू," आचार्य म्हणाले. "आणि तुमच्यावर वेळ आली तर आम्ही येऊ."

सेनापतीने सरदारांना खूण करून बसवले, विडा घेतला आणि तोंडात टाकला. "उद्या सकाळी निघतो," एवढे बोलून तो बाहेर पडला.

दालन रिकामे होताच चक्रपाणीचा बांध फुटला. "आचार्य, हे काय केलंत आपण! माझा भाऊ तिथे उघड्यावर आहे. आपल्याला त्याची जराही दया आली नाही?"

आचार्य भिंतीला टेकून खाली बसले. "आली रे. तो माझ्याच मांडीवर अक्षरं शिकला. पण चक्रपाणी, तू काल त्यांच्या छावणीत गेला होतास. काय पाहिलंस?"

"शिस्त पाहिली. आणखी काय पाहायचं?"

"तंबूंच्या मागे आंब्याची रोपं लावली आहेत, कुंपण घालून. चार महिन्यांचा पाहुणा मेथी पेरील, कोथिंबीर पेरील. आंबा कोण लावतं? ज्याची नातवंडं तिथे खेळणार असतात तो. त्यांच्या मनात कपट होतं असं मी म्हणत नाही. राहायचं ठरलं की माणूस सावलीची सोय करतोच. पण त्यांचं राहायचं ठरलं होतं, आणि त्यावर मोहोर उठवायला निघालो होतो आपण. बोलावल्यावर येतो आणि निरोप दिल्यावर जातो, तो मित्र. मित्र हवाच, बाबा. पण तो मित्रच आहे की नाही, हे कधीतरी पाहावं लागतं."

मग चक्रपाणीच्या मनात जे आले त्याने तो स्वतःच हादरला. "आचार्य, आणि त्यांनी विडा घेतलाच नसता तर? तलवारी बाहेर आल्या असत्या!"

"हो, आल्या असत्या."

"मग?"

"मग आजच कळलं असतं, की आपण स्वतंत्र झालोच नव्हतो. फक्त धनी बदलला होता."

चक्रपाणीला लढाई आठवली, मेलेली माणसे आठवली, आणि सकाळपासून ज्याच्यावर मोहोर उठवायला तो उतावीळ झाला होता तो स्वतःच्या हस्ताक्षरातला तह दिसला. त्याने तो फाडला. तह फाडला तरी खिंड तिथेच होती आणि भाऊही तिथेच होता.

तो उठला, आचार्यांच्या पाया पडला, कमरेला तलवार बांधली आणि भावाकडे खिंडीत निघाला.