पांढऱ्या मानेची

“मानेवरचा हा पांढरा डाग बघा, बुवा. आता तरी माझं खरं मानाल?”

जयसिंगने कापडी पिशवीतून पाखरू काढून पुढ्यात ठेवलं. चिमणीहून लहान. काळं डोकं, पांढरे गाल. मान लुळी पडलेली.

मुकुंदबुवा टेकडीखालच्या मठीत एकटेच राहत. पाखरांखेरीज त्यांनी जन्मात दुसरा कसला अभ्यास केला नव्हता. जयसिंग हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

“कोण ही?”

“वल्गुली. पण आपल्याकडची राखी पाठीची नव्हे. हिची पाठ काळी, मान पांढरी.”

“मुलूख?”

“कच्छ, राजस्थानातली काटेरी रानं. मग एकदम खाली दक्षिणेत, तीही तुरळक. आपल्या टेकडीवर आजवर कुणी पाहिली नाही. मी पाहिली म्हणालो तर सगळे हसले. म्हणून सकाळी जाळं लावलं. तुम्हाला जिवंत दाखवायची होती... उन्हानं वाटेतच गेली.”

बुवांनी पाखरू उताणं केलं आणि पोटावर हलकेच फुंकर घातली. पिसं दुभंगली. खाली उघडी, गुलाबी कातडी.

“इथली पिसं कुठायत?”

“झडली असतील...”

बोलता बोलता जयसिंगची जीभ अडखळली. अंड्यांना ऊब लागावी म्हणून मादीचं पोट असं उघडं पडतं. हे तो इतरांना शिकवायचा. जाळ्यातून सोडवताना त्यानं फक्त मान पाहिली होती.

बुवा उठले. “चल.”

“बुवा, मला खरंच...”

“ती घे बरोबर.”

टेकडीवर जाळं अजून तसंच होतं. त्याच्या पलीकडे हिवराचं एक जुनं काटेरी झाड, खोडाला उभी चीर. बुवांनी बोट दाखवलं. जयसिंगने काट्यांतून हात घातला. मऊ केस, कापूस, आणि तळाशी अंडी.

“गार पडलीत. नर बसेल ना, बुवा? तो उबवेल?”

“नर बसत नाही.”

“मग तो काय करतो?”

दोघे झुडपाआड उभे राहिले. ऊन चढत गेलं...

फांदीवर काळ्या पाठीचं एक पाखरू उतरलं. चोचीत हिरवी अळी. चिरेपाशी जाऊन त्यानं हाक दिली. थांबलं. पुन्हा हाक दिली. आत डोकावलं, बाहेर आलं. अळी चोचीतच होती.

जयसिंगने मेलेल्या पाखराभोवती मूठ घट्ट आवळली. ती पाठीमागे लपवली.

“आपण जाऊ या, बुवा... माझ्यानं बघवत नाही.”

बुवांनी त्याचं मनगट धरून हात पुढे ओढला.

“मूठ उघड. ओळख पटवायला घरचं माणूस आलंय.”