सर्जेरावांचा विजय

सांगलीत मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या अंतिम लढतीला शेवंताबाई कोळेकर प्रमुख पाहुण्या होत्या. त्यांचे पती सर्जेराव म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतींमधलं जुनं, गाजलेलं नाव.

लढत सुरू व्हायच्या आधीच अंतिम लढतीतला एक खेळाडू, इरफान जमादार, डोकं धरून खाली बसला. उपांत्य लढतीत कानशिलावर लाथ बसल्यापासून त्याला एकाचे दोन दिसत होते. पण मंडप खचाखच भरला होता. आयोजक रणधीरशेठ भडकले.

"आजकालचे लढवय्ये म्हणजे लोण्याचे गोळे!" ते माइकवरून गरजले. "आमचे सर्जेराव डोकं फुटलं तरी लढले आणि जिंकले! वहिनी, सांगा जरा याला."

इरफान मान खाली घालून हातमोजे चढवू लागला. ते बघून शेवंताबाई उठल्या. त्यांनी माइक घेतला.

"शेठ बोलले ते खरं आहे. डोकं फुटलं तरी हे मागं हटले नाहीत. लढत जिंकलीच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठनी मिशीवरून हात फिरवला.

"फक्त कप घ्यायला मला जावं लागलं," बाई म्हणाल्या. "हे तोवर शवागारात होते."

शेवंताबाई खाली उतरल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी इरफानचे हातमोजे काढले.