तांबड्या घोड्याचे सहा मुद्दे

एका जंगलाच्या टोकाला मोठा माळ होता आणि त्या माळाच्या कडेला, बोरीच्या जाळीखाली, एक उंदीर आणि त्याची उंदरीण बीळ करून राहत. उंदीर हुशार होता. मुलांनो, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या हुशारीपायीच पुढचं सगळं घडलं. मूर्ख असता तर बिचारी उंदरीण सुखी झाली असती!

त्या माळावर सुगी संपली की घोड्यांच्या शर्यती होत. पाठीवर माकडं बसत, घोडे ओढ्यापासून निघत आणि पळसाच्या झाडाखाली शर्यत संपे. पैज लावायची रीत अशी, की झाडाखाली प्रत्येक घोड्याच्या नावाचा एक दगड मांडलेला असे. ज्याला जो घोडा जिंकेल असं वाटे, त्याने त्या घोड्याच्या दगडापाशी आपली वस्तू ठेवायची. कुणी बोरं ठेवी, कुणी हाडूक, कुणी मोराचं पीस. ज्यांचा घोडा जिंके, ते सगळ्या दगडांपाशी ठेवलेलं वाटून घेत. या कारभारावर एक कोल्हा बसलेला असे आणि घोडा कुठलाही जिंको, कोल्ह्याचा वाटा ठरलेला असे.

उंदीर दर शर्यतीला आपल्या मुठीएवढे शेंगदाणे लावी. कधी जात, कधी दुप्पट होऊन येत. उंदरीण कुरकुर करी, पण चालवून घेई. खरी पंचाईत पुढे झाली. उंदराच्या डोक्यात भरलं, की बाकीचे लोक नुसत्या अंदाजाने पैज लावतात, आपण मात्र सगळे मुद्दे एकत्र करून लावायची. मग काय विचारता! सगळं बीळ चिंचोक्यांनी भरलं. तांबडा, काळा, पांढरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा अबलख, अशा चार घोड्यांच्या चार रांगा, आणि ज्या घोड्याची जी गोष्ट चांगली, तिच्याबद्दल त्याच्या रांगेत एक चिंचोका. जमीन टणक, एक चिंचोका. वारा पाठीमागून, एक चिंचोका. माकड हडकुळं, आणखी एक. पिल्लं त्या चिंचोक्यांवरून घसरून पडत आणि उंदीर पिल्लांवरच ओरडे, "अरे, माझा अबलख बिघडवलात!"

"अहो, पाय ठेवायला जागा नाही घरात," उंदरीण म्हणे. "आवरा ना हा पसारा."

"हा पसारा नाही, ही मुद्द्यांची सांगड आहे," उंदीर मिशा फुलवून सांगे. "नुसते खूर बघून भागत नाही. नुसती जमीन बघून भागत नाही. सगळं जुळवावं लागतं. तुला नाही कळायचं."

खरं तर उंदरिणीला बरंच कळत होतं. एके सकाळी तिने पाहिलं, की तांबड्या घोड्यापुढे सहा चिंचोके झाले होते आणि उंदीर त्यांच्याभोवती नाचत होता. टणक जमीन, पाठीचा वारा, हडकुळं माकड, कडेची जागा, सकाळची वेळ आणि मागचा विजय, असे ते सहा मुद्दे होते.

"हा तांबडा जिंकलाय किती वेळा?" तिने विचारलं.

"एकदा. पण कसा जिंकला! सकाळ होती, जमीन टणक होती, वारा पाठीमागून होता, माकड हडकुळं होतं आणि कडेची जागा होती. आज अगदी तसंच सगळं जुळून आलंय!"

"म्हणजे तो एकदाच जिंकला आणि त्या एका जिंकण्याचे तुम्ही सहा चिंचोके केलेत," उंदरीण म्हणाली. "अहो, मी एकच भाकरी सहा वेळा वाढली तर तुमचं पोट सहापट भरेल का?"

उंदराने असं पाहिलं, जणू तिने त्याच्या वाडवडिलांना शिवी दिली होती. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," तो म्हणाला आणि पुन्हा चिंचोक्यांकडे वळला. उंदरिणीने कपाळाला हात लावला. असल्या माणसापुढे, म्हणजे उंदरापुढे, करायचं तरी काय? ती पिल्लांना घेऊन ओढ्यावर पाणी पाजायला निघून गेली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. उन्हाळा तोंडावर आला होता. शेतं रिकामी झाली होती, गवत वाळून कडक झालं होतं. बिळाच्या आतल्या खोलीत ज्वारीची रास होती. उंदरिणीने सुगीभर एकेक कणीस ओढून आणून ती भरली होती. पाच पिल्लांचा सगळा उन्हाळा त्या राशीवर निघायचा होता. दुसरं काही नव्हतं.

ती ओढ्यावरून परतली, तर आतली खोली रिकामी. एक दाणासुद्धा नाही! आधी तिला वाटलं, चोरी झाली. मग तिने खालच्या मातीत शेजारच्या घुशीचे पाय उमटलेले पाहिले. बिळापासून माळाच्या दिशेने दाणे सांडत गेले होते. उंदराने घुशीला हाताशी धरून अख्खी रास पळसाखाली नेली होती.  पिल्लांना कोपऱ्यात बसवून ती धावत सुटली.

पळसाखाली तांबड्याच्या दगडापाशी तिची ज्वारी ढीग करून ठेवलेली होती. त्या माळावर एवढा मोठा डाव कुणी कधी लावला नव्हता. सगळे डोळे फाडून बघत होते आणि उंदीर छाती काढून मधे उभा होता.

"कोल्होबा, माझी ज्वारी परत द्या," उंदरीण धापा टाकत म्हणाली. "पोरांचं खाणं आहे ते."

"वहिनी, दगडापाशी ठेवलेलं परत मिळत नाही," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "रीत आहे ना आपली."

"अगं, घाबरतेस काय?" उंदीर म्हणाला. "संध्याकाळी चौपट घेऊन घरी जाऊ. सहाच्या सहा मुद्दे तांबड्याच्या बाजूचे आहेत!"

"मुद्दे शिजवून घालू का पोरांना?" ती ओरडली. तिला रडूही येत होतं आणि त्याला ओरबाडावं असंही वाटत होतं. पण तेवढ्यात ओढ्याकडून टापांचा आवाज आला.

आणि काय सांगू मुलांनो, तांबडा खरोखरच पुढे होता! काळा मागे पडला, अबलख धापा टाकू लागला आणि पांढरा तर सगळ्यांच्या मागून रमतगमत येत होता. उंदीर टुणटुण उड्या मारू लागला. "बघितलंस? बघितलंस?" तो किंचाळत होता. उंदरिणीनेही श्वास रोखून धरला. त्या घोड्याचा, त्या माळाचा तिला मनापासून संताप आला होता, तरी ती मनातल्या मनात म्हणतच होती, पळ रे बाबा, पळ.

तांबडा पळसाजवळ आला. आता दहा पावलं राहिली. इतक्यात समोरचा ज्वारीचा ढीग त्याला दिसला. त्याने कान टवकारले. तो वळला, आपल्या दगडापाशी येऊन थांबला आणि त्याने ढिगात तोंड घातलं. वरचं हडकुळं माकड आयाळ ओढू लागलं, कान पिळू लागलं, शेपटीकडे जाऊन बोंब मारू लागलं. तांबडा ढिम्म हलला नाही. काळा आणि अबलख त्याला पाहून थबकले आणि तेही ज्वारीकडे वळले. माकडांची एकच झुंबड उडाली. त्या गोंधळातून पांढरा आपला रमतगमत आला आणि पळसाखालून पुढे निघून गेला. पांढऱ्यावर फक्त एका सशाने पैज लावली होती, तीही घोडा आपल्याच रंगाचा आहे म्हणून.

"अरे मेल्या," उंदरीण तांबड्यापुढे जाऊन ओरडली, "आणखी दहा पावलं धावला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?"

तांबड्याने भरल्या तोंडाने तिच्याकडे पाहिलं. "ताई, रागावू नका," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं इथे धावतोय. जिंकलो तरी बोरं दुसरेच खातात, मला कुणी एक काडी घातली नाही. आज पहिल्यांदा माझ्या दगडापाशी ज्वारी दिसली. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी ठेवली."

 उंदरिणीने ढिगाकडे पाहिलं. कोल्ह्याने घोड्यांना हाकललं तेव्हा मातीत मिसळलेला पसाभर भुगा उरला होता. तोही रीतीप्रमाणे सशाचा झाला आणि कोल्ह्याने त्यातून आपला वाटा काढून घेतला.

दोघं घरी आली. पिल्लं दाराशीच वाट बघत होती. "आई, भूक लागली," सगळ्यांत धाकटं म्हणालं.

उंदीर एकदम थांबला. त्याचे डोळे चमकले. "भूक!" तो म्हणाला. "अगं, बरोबर! एवढा एक मुद्दा धरायचा राहून गेला होता. सहा मुद्द्यांत घोड्याची भूक हा सातवा मिळवला, की सांगड पक्की झाली. पुढच्या शर्यतीला बघ तू..."

उंदरीण गर्रकन वळली. दिवसभर ओरडून तिचा आवाज बसला होता, म्हणून ती हळूच बोलली, पण ते ऐकून उंदराच्या मिशा खाली आल्या. "भूक हा तुमचा सातवा मुद्दा असेल. या पोरांचा तो पहिला आहे, आणि दुसरा नाहीच."

मग तिने त्याला पुढे घातलं आणि रिकाम्या शेतांत सरवा वेचायला नेलं. कापणीत सांडलेले दाणे ढेकळांतून एकेक करून शोधायचे, त्यातले निम्मे आधीच मुंग्यांनी नेलेले. ऊन पाठीवर येत होतं. उंदराने दोनदा सांगून पाहिलं, की वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार जुळवला तर दाणे कुठे जास्त पडले असतील हे काढता येईल. "वेचा," उंदरीण म्हणाली. तो वेचू लागला. अख्खा उन्हाळा दोघांनी तेच केलं आणि त्या उन्हाळ्यात पाचही पिल्लं एकदाही पोटभर जेवली नाहीत.

तात्पर्य : जो हिशेब मांडताना घरच्या लेकरांचं पोट धरलं जात नाही, तो कितीही मुद्दे जुळवून मांडला तरी पहिल्यापासूनच चुकलेला असतो.