भिवराच्या काट्यांचा होकार

एक होता कोल्हा. जंगलात तापदगड, म्हणजे आपोआप तापत राहणारा दगड, आला तर त्याला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढची देशभक्ती समजायला सोपी जाईल. दगडाशेजारची उबदार गुहा, ऊर्जामंत्री ही पदवी, दगड वाहून आणायचा ठेका साडूला, आणि दगडावर आपोआप उकडून निघणारी लावरीची अंडी. एवढं सगळं एका दगडात मिळत असेल तर कोणाचंही मन जंगलाच्या भविष्याने भरून येईल. कोल्ह्याचं आलं.

दगड खोटा नव्हता, हेही लगेच सांगितलं पाहिजे. पूर्वी थंडीत लाकडं जाळत, आणि वरच्या कड्यावरची वानरं धुराने खोकून बेजार होत. तापदगड आला, धूर गेला. अख्खा कडा हिवाळाभर उबेत झोपू लागला. वाघमहाराजांनी सभा घेतली.

"माझ्या भावांनो, बहिणींनो आणि भक्ष्यांनो! आजवर शेजारचं जंगल आपला धूर बघायचं. आता आपलं तेज बघेल!"

भक्ष्यांनी सर्वांत आधी जयजयकार केला. त्यांना मागे राहणं परवडत नाही.

अडचण एवढीच होती की दगड जळून संपला की राख उरायची, आणि ती राख निवायला तयार नसायची. तिच्यावर बसलेला टोळ तिच्यावरच राहायचा. ही निवणार कधी, असं घुबडशास्त्रींना विचारलं. ते जंगलातले सर्वांत विद्वान. ते म्हणाले, "कासवाच्या नातवंडांना नातवंडं होऊ द्या. मग कोमट होईल."

तेव्हा रानडुक्कर विरोधी पक्षात होतं. त्याने जमीन उकरून उकरून घोषणा दिल्या. "आधी राखेचं सांगा, मग दगडाचं बोला!" घोषणा बरोबर होती. म्हणूनच कोल्ह्याला उपाय शोधावा लागला.

"राख राख काय म्हणता?" कोल्हा म्हणाला. "हा उद्याचा दगड आहे. ओढ्यावर नेऊन धुतला की झाला."

मग राख धुणं सुरू झालं. टोपलीभर राख धुतली की चिमूटभर दगड हाती यायचा. तो कोल्हा प्रत्येक सभेत पानावर ठेवून फिरवायचा. धुतल्यावर उरलेला चिखल मात्र राखेहून जास्त भरायचा आणि राखेहून जास्त भाजायचा. तो सभेत आणण्याची पद्धत पडली नाही.

चिखलाला खोल आणि कोरडी जागा हवी होती. अशी जागा जंगलात एकच निघाली: कड्याच्या पायथ्याचं भिवराचं बीळ. भिवरा ही साळिंदरीण. बीळ तिच्या आजीने सुरू केलं, आईने खोल नेलं, आणि आता तिची दोन पिल्लं त्यात वाढत होती. इतकं चांगलं खणलं, हाच तिचा गुन्हा.

कायद्याप्रमाणे जागेची तपासणी झाली. घुबडशास्त्रींना भर दुपारी बिळाच्या तोंडाशी नेलं. त्यांनी अहवाल दिला, 'धोक्याचं काही दिसलं नाही.' दुपारी त्यांना बीळसुद्धा दिसत नाही, पण तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

जनसुनावणीही दुपारीच ठेवली. साळिंदरं तेव्हा झोपतात, हा निव्वळ योगायोग. तरीही भिवरा आली. डोळे चोळत, पिल्लांना पाठीशी घेऊन.

इथे त्या जंगलातली मतदानाची रीत सांगायला हवी. ज्याला पसंत असेल त्याने शेपटी उभी करायची. उभं दिसेल ते मोजायचं. पडलेलं मोजायचं नाही. नापसंती कशी दाखवायची, याचा विचार पूर्वजांनी केला होता की नाही, याची नोंद नाही.

"मंत्रीसाहेब," भिवरा म्हणाली, "एवढा चांगला चिखल आहे, तर तुमच्याच गुहेत ठेवा की."

"बाई, इतकी मौल्यवान वस्तू माझ्या घरी ठेवली, तर लोक म्हणतील मंत्र्याने लाटली."

"मग किती दिवस ठेवणार माझ्याकडं?"

"तात्पुरता."

"तात्पुरता म्हंजे?"

"डोंगराच्या वयाच्या मानाने."

सभा हसली. भिवरा हसली नाही. "मी कुठं जायचं हो, दोन लेकरं घेऊन?"

"तुम्हाला खणायची कला अवगत आहे. वानरांना ती नाही. त्यांची अडचण समजून घ्या." असं म्हणून कोल्ह्याने खूण केली. "आणा रे चिखलाची टोपली. बाईंना दाखवा, घाबरण्यासारखं काही नाही ते."

दोन वानरांनी लांबलचक बांबूच्या टोकाला लटकवून टोपली आणली आणि पिल्लांसमोर धरली. पिल्लं किंचाळली. भिवराच्या अंगावरचे सगळे काटे सळसळत ताठ उभे राहिले.

"मोजा!" कोल्हा ओरडला.

वानरांनी काटे मोजले. कड्यावरच्या सगळ्या शेपट्या एकत्र केल्या तरी इतकी मतं भरली नसती.

"आवो, हा होकार नव्हं!" भिवरा ओरडली. "राग आलाय मला! साळिंदराला राग आला की काटे उभे राहतात. तुमच्या बापाला विचारा, त्याच्या नाकात घुसले होते आमच्या आईचे!"

"दिवंगत नेत्यांना यात ओढू नका," कोल्हा म्हणाला. "आणि नियमात रागाला रकाना नाही."

भिवराने रानडुकराकडे पाहिलं. "डुक्करदादा, तुम्ही तरी बोला. राखेचं काय ते तुम्हीच इचारत होता ना?"

रानडुकराला त्याच सकाळी दगडाजवळ कोमट पाण्याचं डबकं मंजूर झालं होतं. ते म्हणालं, "ताई, जनमताचा आदर करायला नको का?"

निकाल जाहीर झाला: प्रकल्पग्रस्तांचा प्रचंड पाठिंबा. महाराजांनी भिवराला मंचावर बोलावून हार घालायचा प्रयत्न केला. हार काट्यांना अडकला. तोही पाठिंबाच धरला.

भिवराने शेजारच्या टेकाडात नवं बीळ खणलं. जुन्यातला चिखल जमिनीखालून तिकडेही ऊब पोचवत राहिला. तिचे काटे गळायला लागले. पिल्लांना काटे आलेच नाहीत.

पुढच्या निवडणुकीत कोल्हा पडला आणि रानडुक्कर ऊर्जामंत्री झालं. जंगलात बदल झाला, असं सगळे म्हणत होते. रानडुकराने पहिल्याच दिवशी धुण्याचं काम दुप्पट केलं. पहिलं बीळ भरलं, भिवराच्या नव्या बिळाची गरज पडली, आणि पुन्हा भर दुपारी सुनावणी लागली.

भिवरा आली. "नको," ती म्हणाली. अंग फुलवायला गेली. उभं राहायला काही उरलंच नव्हतं.

रानडुकराने तिच्या उघड्या पाठीकडे मायेने पाहिलं. "बघा, राग मावळला."

कड्यावरच्या शेपट्या उभ्या राहिल्या. त्या मोजल्या.

आता हिशेब. महाराजांनी भाषण दिलं. शास्त्रींनी दाखला दिला. कोल्ह्याने शब्द दिला, रानडुकराने पाठिंबा दिला. बीळ भिवराने दिलं. दोन वेळा, आणि दोन्ही वेळा, कागदोपत्री, आनंदाने.