कोंडाईच्या खिंडीतला पेला

थांबा, थांबा पाहुणे! तहान लागलीय, कळतंय. पण या रांजणातलं पाणी असं सरळ घ्यायचं नसतं. आधी त्या पाजणाऱ्या बाईंना विचारायचं, ‘बाई, तुम्ही प्यालात का?’ त्यांनी घोट घेतला की मग तुम्ही. हसू नका, ही रीत फार रडून पडलेली आहे.

फार पूर्वी या खिंडीत भिवरा नावाची बाई राहायची, असं सांगतात. मूल होईना, म्हणून तिनं कोंडाईला नवस बोलला, ‘पदरात लेकरू घाल. रोज पहिलं पाणी वाटसरूचं, त्याआधी माझ्या घरात कुणी थेंब घेणार नाही.’ देवी पावली. मुलगी झाली, ठकी. भिवराचा तर जीव की प्राण!

एका वैशाखात ठकी तापानं फणफणली. नेमकं त्या दिवशी खिंडीत चिटपाखरू नाही. पोर सारखी पाणी मागत होती. भिवरा दारात जाई, वाट बघे, परत येई. नवस मोडला तर देवी दिलेलं परत नेईल, याचीच तिला धास्ती. “थांब गं राणी, कुणीतरी येईलच आता,” म्हणत राहिली. उन्हं कलली तेव्हा एक धनगर आला. त्याला पाणी देऊन भिवरा धावत आत गेली. ठकी गेली होती. भरल्या रांजणाशेजारी, हो!

त्यानंतर भिवरा आल्यागेल्याला मायेनं पाजायची. स्वतः मात्र दिवे लागल्याशिवाय ओठ ओले करायची नाही. ओठ फुटायचे, रक्त यायचं. “मला कशाला पाणी?” म्हणायची.

पुढे एकदा नेहमी याच वाटेनं जाणारी गोजरा कासारीण आली; ठकीचं तिला सगळं ठाऊक होतं. पाणी पिता पिताच रडायला लागली. तापलेला मुलगा शेजारणीपाशी ठेवून ती बाजाराला गेली होती, आणि मागे तो गेला. भिवरानं तिला पोटाशी धरलं. “उगी गं माझे बाई. तुला काय ठाऊक होतं? त्याच्याच घासासाठी गेली होतीस ना? नको अशी जिवाला खाऊ.”

गोजरानं डोळे पुसले. वाडग्यात पाणी ओतून भिवरापुढे धरलं. “मग हेच ठकीच्या आईलाही सांगा की, भिवराबाई.”

भिवरानं वाडगा दोन्ही हातांनी धरला, म्हणे. मग भर उन्हात तिनं एक घोट घेतला आणि हंबरडा फोडला. “एवढं गार पाणी होतं गं, ठके!”

गोजरा तिला धरून बसली. त्या दिवशी दोघींनी मिळून रांजणाच्या कडेला एक लहानसा पेला भरून ठेवला.

आजही तो पेला तिथं असतो, तो बघा. वाटेनं येणारं कुठलंही लेकरू न विचारता त्यातलं पाणी पितं. आणि तो रिकामा झाला, की पाजणारी बाई हातातलं काम टाकून आधी तो भरते. ठकीला आता कुणी थांब म्हणत नाही.